ताईसाहेबांच्या लॅपटॉपाचे झाकण कैसे मिटले

सकळ संगणकधारकांस, तैसेच ज्यांचा संगणक आज सकाळपासून नीट चालत नाही त्यांस, दंडवत. वर्तमान ऐसे जे, चष्म्यांच्या दुकानावरील मजल्यावर जी कचेरी आहे तीत थोर मोहीम जाहली, आणि तिची हकीकत जो तो आपले सोयीने सांगों लागला. कोणी म्हणे फत्ते पंतांची, कोणी म्हणे साहेबांची, आणि खुद्द साहेबही तेच म्हणत. मग सत्य बुडेल ऐसे भय वाटोन, चहाचा पेला बाजूस सारोन, आम्ही लेखणी हाती धरिली. यात पदरचे काही घातले नाही. घातले असेल तर शोभेपुरतेच घातले आहे.

सदरहू कचेरी म्हणजे एक दालन, एक काचेची केबिन, एक चहाची खोली आणि एक लोखंडी कपाट, इतकाच मुलूख. परंतु येथे निपजलेला प्रोग्राम दूरदूरच्या बँकांत आणि दवाखान्यांत अंमल गाजवीत असे. लोक टोकनाचा चिठोरा मुठीत धरोन खुर्च्यांवर ताटकळत, आणि वरून आवाज येई की अमुक नंबर, तमुक खिडकी; तो आवाज या प्रोग्रामाचा. त्यास एक खोड होती. नव्व्याण्णवापर्यंत तो खणखणीत बोले, आणि शंभर आला की मुका होई. मग शंभर नंबराचे माणूस बसोन राही, एकशे एक नंबराचे माणूस पुढे जाई, आणि खिडकीशी हातघाईची लढाई जुंपे. ही खोड मोडणारी दुरुस्ती लिहोन तयार होती. उरला होता तो बिल्ड, म्हणजे लिहिलेल्या मजकुराचा चालता प्रोग्राम करणे.

आणि बिल्ड होई तो सबंध कचेरीत एकाच लॅपटॉपावर. तो लॅपटॉप अखंडितलॅपटॉपअलंकृत राजमान्य ताईसाहेब यांचा. या प्रोग्रामाच्या कदीम जाणत्या त्याच. सारे त्यांस ताई म्हणत, आणि अडले म्हणजे तोच शब्द जरा लांबवून म्हणत. त्यांच्या लॅपटॉपाची बिजागरी मोडली होती, ती केसांच्या रबराने आवळली होती. त्यात वर्षानुवर्षे नाना आवृत्त्यांचे नाना जिन्नस घातले गेले. कोणता कशास लागतो हे कोणी सांगू न शके, म्हणोन काढावयाची सोय नाही आणि नवे घालावयाची छाती नाही. झाकण मिटले तर तो पुन्हा जागा होईल याचा भरवसा नसे, यास्तव दंडक पडला की, ताईंच्या लॅपटॉपाचे झाकण कोणी मिटू नये. अपडेट करू का, ऐसे तो लॅपटॉप रोज पुसे, आणि रोज त्यास उद्या ऐसे उत्तर मिळे.

कचेरीचे धनी श्रीमंत बघूसाहेब. त्यांस हे नाव मातापित्यांनी ठेविले नव्हते, चाकरमान्यांनी ठेविले. रजा मागा, पडदा मागा, कुरकुरणाऱ्या पंख्यास तेल मागा, श्रीमंतांचे मुखातून एकच फर्मान निघे, बघू. हो म्हणाल्याचे कोणी ऐकले नव्हते आणि नाही म्हणाल्याचेही ऐकले नव्हते, त्यामुळे रागवावे तर नेमके कोणत्या शब्दावर हेही कोणास कळत नसे.

आता मोहिमेचे मूळ कारण लिहितो. ताईसाहेबांची एकुलती लेक परगावी, पहिलटकरीण, आणि दिवस भरत आले. या लेकीच्या लग्नात ऐसे जाहले होते की, ऐन मुहूर्ताच्या सुमारास कोण्या बँकेतील आवाज बसला, बिल्ड लावावा लागला, आणि बिल्ड चालता असता झाकण मिटता येईना. मग घरच्यांचा फोटो काढिला तेव्हा ताईसाहेब नववधूच्या शेजारी, उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर ताटासारखा धरोन उभ्या राहिल्या. लेकीने तो फोटो काचेत बसवोन बाहेरच्या खोलीत लाविला आणि आल्यागेल्यास दाखवी की, ही मी, ही आई, आणि हा आईचा थोरला. लोक हसत. लेकही हसे, परंतु फोटो मात्र भिंतीवरून काढीत नसे.

तीच लेक एके दिवशी फोनवर बोलली, "आई, तू ये. मला तू हवीयेस. पण त्या थोरल्याला घेऊन येणार असशील, तर नको येऊस."

ताईसाहेब फोन ठेवोन चहाच्या खोलीत गेल्या, नळ सोडिला आणि धुतलेलाच पेला पुन्हा पुन्हा धूत राहिल्या. त्या रडत होत्या. मग तोंड पुसोन केबिनीत गेल्या आणि रजा मागितली. त्यावर श्रीमंत वदले, "बिल्ड कोण करणार? लॅपटॉप घेऊन जा, मग बघू." येणेप्रमाणे पेच पडला. साहेब म्हणत लॅपटॉपावाचून जाणे नाही, लेक म्हणे लॅपटॉपासकट येणे नाही, आणि मध्ये ताईसाहेब.

हा पेच काटेकोरपंतांनी ऐकिला. काटेकोरपंत म्हणजे कचेरीतील तरुण सरदार. मेजावर पेन ठेविले तर ते मेजाच्या कडेस समांतर आहे की नाही हे वाकोन पाहात, आणि पंचाईत अशी की दुसऱ्याच्या मेजावरही पाहात. हे फंक्शनल पॅकेज मॅनेजर नामक विद्येचे कट्टर उपासक होते. लिफ्टात भेटलेल्या माणसास त्या विद्येचा उपदेश करीत, मग तो माणूस मधल्याच मजल्यावर उतरे. घरी उपदेश करू गेले असता कुटुंबाचा हुकूम सुटला की, "आधी ते दूध उतू जातंय, तिकडे बघा."

विद्येचे मर्म ऐसे. प्रोग्रामास जे जिन्नस लागतात ते सारे, आवृत्तीसह, एका फर्मानात लिहावे. यंत्राने फर्मान वाचोन प्रत्येक जिन्नस अलाहिदा कोठीत ठेवावा. मूळ मालावर त्याच्याच अंतरंगातून काढिलेला ठसा मारावा, आत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलावा. आणि लॅपटॉपात आधीपासोन पडलेल्या इकडच्या तिकडच्या वस्तूंस बिल्डाने बोट लावू नये. मग तेच फर्मान कोण्याही लॅपटॉपावर नेले तरी तोच बिल्ड, तैसाच, व्हावा. सारांश, गुण फर्मानाचा, लॅपटॉपाचा नव्हे. पंत म्हणाले, "ताई, तुमचा अख्खा लॅपटॉप मी लिहून काढतो. मग तो नसला तरी चालेल." ताईसाहेब उत्तरल्या, "असू दे रे. कपाटात बसला तरी पुरे." श्रीमंतांस विचारिले तों बघू म्हणाले, आणि पंतांनी तो होकार समजोन कंबर कसली.

मोहिमेस तिसऱ्या सरदार मिळाल्या त्या खुसपटबाई. यांचे काम प्रोग्राम तपासणे, आणि स्वभाव कामाहूनही तिखट. कोणी सुप्रभात म्हटले तरी खिडकीबाहेर पाहोन खात्री करीत. पहिल्याच चकमकीत पंतांची नामुष्की जाहली ती ऐसी. पंतांनी नवे फर्मान लिहिले, फोल्डरात ठेविले, आणि यंत्रास सांगितले की वाच. यंत्र म्हणे, ऐसी फाइल नाही. पंत म्हणत, ही काय डोळ्यांसमोर आहे. यंत्र म्हणे, नाही. पंतांनी नाव ताडिले, जागा ताडिली, चष्मा पुसोन पाहिला, आणि अखेरीस लॅपटॉपास उद्देशोन जे बोलले ते बखरीत लिहिण्याजोगे नाही. खुसपटबाई आपल्या जागेवरून मान वर न करिता पुसत्या जाहल्या, "गिटला कळवलंत का, फाइल आलीये म्हणून?" या यंत्राचा दंडकच ऐसा की, जी फाइल गिट नामे दप्तरात दाखल नाही ती त्यास दिसतच नाही, मग ती समोर नाचली तरी हरकत नाही. आणि हा दंडक सबंध कचेरीस शिकविला होता तो पंतांनीच. पंत बराच वेळ मेजावरचे पेन सरळ करीत बसले.

मग थोरल्याचा मुलूख वीत वीत करोन काबीज करणे सुरू जाहले. पंत फर्मानात जिन्नस लिहीत, आपल्या लॅपटॉपावर बिल्ड लावीत, आणि बिल्ड अर्ध्यावर आडवा पडे. तेव्हा ताईसाहेबांस काहीतरी आठवे. "अरे हो, एक छोटी स्क्रिप्ट आहे, मी कधीतरी दुपारी सहज लिहिली होती." ती स्क्रिप्ट फर्मानात घातली. पुन्हा बिल्ड पडला. "अरे हो, त्याला घड्याळ परदेशातलं दाखवावं लागतं, नाहीतर तो रुसतो." घड्याळ घातले. ऐसे अरे हो इतके जाहले की, पुढे पुढे ताईसाहेबांनी खोकला काढिला तरी पंतांचे धाबे दणाणे. परंतु पंत हटले नाहीत आणि ताईसाहेबही हटल्या नाहीत. लेकीचा रोज फोन येई, आणि ती रोज एकच पुसे की, थोरला काय म्हणतोय.

अखेर तो दिवस उगवला. पंतांच्या लॅपटॉपावर बिल्ड जाहला. खुसपटबाईंच्या लॅपटॉपावर जाहला. श्रीमंतांच्या लॅपटॉपावर, ज्यावर आजवर पत्त्यांखेरीज काही चालले नव्हते, त्यावरही जाहला, आणि तोही डोळ्याचे पाते लवते न लवते तों. पंतांच्या छातीत अभिमान माईना. केक आणविला, श्रीमंतांनी सुरी हाती धरोन भाषण केले, त्यात आपले दूरदृष्टीचा तीन वेळा आणि पंतांचा एकदा उल्लेख केला. ताईसाहेबांनी केसांचे रबर बिजागरीवरून सोडोन मनगटात घातले, लॅपटॉपाच्या पाठीवर तळवा ठेविला, आणि सर्वांच्या देखत झाकण मिटले. लोकांनी टाळ्या वाजविल्या.

टाळ्यांत खुसपटबाई नव्हत्या. त्यांस फत्ते म्हटले की शंका येई, म्हणोन त्यांनी कोपऱ्यातील जुना संगणक, ज्यावर या मोहिमेत कोणी बिल्ड लाविला नव्हता, तो मुद्दाम जोडिला आणि त्यावर फर्मान लाविले. बिल्ड झरझर निघाला, आणि झाकण मिटले त्याच क्षणी अडला.

"ताई, जरा लॅपटॉप उघडता का?" बाई म्हणाल्या. थोरला उघडिला, तो बराच वेळ रुसला आणि मग जागा जाहला, बिल्ड पुढे सरकला. "आता मिटा." मिटला, बिल्ड अडला. सारे त्या संगणकाभोवती जमले, फक्त श्रीमंत केक खात होते, त्यांस अजोन उलगडा जाहला नव्हता.

उलगडा ऐसा की, मोहिमेच्या आरंभी पंतांनी वेळ वाचावा म्हणोन प्रत्येक संगणकास ताकीद देऊन ठेविली होती की, कोणताही जिन्नस बांधण्याआधी ताईंच्या लॅपटॉपाकडे माग, तेथे तयार असेल तर उचलोन आण. ताकीद दिली, आणि पंत ती साफ विसरले. मग सारी फौज थोरल्याच्याच कोठीतून रसद खाऊन थोरल्यावर जय मिळवीत होती. डोळ्याचे पाते लवण्याचे आधी बिल्ड होई, त्याचे कारण बिल्ड होतच नव्हता, तयार माल येत होता. काटेकोरपंतांच्या हातून ही चूक व्हावी, यास काय म्हणावे! आम्ही त्यांस नाव ठेवीत नाही. ते काम खुसपटबाईंनी केले.

ताईसाहेब खुर्चीत बसल्या. मनगटातील रबर काढोन त्यांनी पुन्हा बिजागरीस लाविले. म्हणाल्या, "म्हणजे मी गेले तरी हा इथे उघडाच राहणार. आणि हा रुसला की फोन मलाच." मग हळू आवाजात म्हणाल्या, "पोरगी वाट बघतेय रे." पंतांनी केकाची बशी ठेविली, प्रत्येक संगणकातील ती ताकीद आपले हाताने पुसली, आजवर उचलोन आणलेला माल सारा टाकोन दिला, रबर सोडोन ताईंस परत दिले, थोरल्यास उचलोन लोखंडी कपाटात ठेविले, कुलूप लाविले, आणि किल्ली खुसपटबाईंच्या हाती दिली की, "मी मागितली तरी देऊ नका." त्या म्हणाल्या, "तुम्ही मागितलीत तर मुळीच देणार नाही."

दुसरे दिवशी सकाळी खरा वेढा पडला. आता तयार माल नाही, प्रत्येक जिन्नस मुळापासोन बांधणे. लॅपटॉपांचे पंखे घोंघावू लागले, मेजे तापली, श्रीमंतांचा लॅपटॉप तर मांडीवर घेववेना. एकामागोन एक जिन्नस सर जाहले, आणि दुपारच्या जेवणाचे डबे उघडता उघडता एकच उरला. तो म्हणजे आवाजाची लायब्ररी, जिने आकड्यांस तोंड फुटते. शंभराची दुरुस्ती हिच्यावरच चढवावयाची होती. तिच्या मूळ मजकुराचे गाठोडे ज्या संकेतस्थळावरून येई ते मोहीम चालू असताच बंद पडले होते. ताईंच्या लॅपटॉपात एक प्रत असावयाची, परंतु पंत स्वच्छतेचे भोक्ते. त्यांनी थोरल्यात अडगळ फार जाहली म्हणोन झाडू फिरविला होता, तेव्हा मूळ गाठोडे केराबरोबर गेले आणि फक्त बांधून तयार लायब्ररी राहिली. श्रीमंत म्हणाले, "मग ती तयारच उचला ना." ताईसाहेब उठोन उभ्या राहिल्या. "नाही. ती एक वस्तू माझ्या लॅपटॉपची राहिली, की मीही राहिले. कपाट उघडायचं नाही."

ते गाठोडे आणखी एका माणसापाशी असण्याचा संभव होता. ही लायब्ररी प्रोग्रामात आणिली होती ती श्रीमंतांच्या सख्ख्या साडूंनी. हे साडू पूर्वी याच कचेरीत होते, आणि एसीवरून लढाई पेटोन गेले होते. श्रीमंतांस अठरा अंश हवेत, साडूंस पंचवीस. श्रीमंत रिमोट लपवीत, साडू अंगावर शाल घेऊन बसत, म्हणोन त्यांस शालवाले म्हणत. एके दिवशी शालवाल्यांनी राजीनामा ठेविला आणि निघाले ते रिमोट खिशात घालोनच. तेव्हापासोन कचेरीत एसी लावणे जाहले की एक माणूस खुर्चीवर चढोन पट्टीच्या टोकाने कळ दाबी. दोन्ही बहिणी एकमेकींशी रोज बोलत. साडू मात्र अवाक्षर बोलत नव्हते.

श्रीमंतांनी फोन लाविला तेव्हा सारी कचेरी केबिनीच्या काचेशी कान देऊन उभी राहिली. पलीकडून शालवाले खुशीत आले. गाठोडे त्यांपाशी होते. जुने काही टाकीत नसत. परंतु तहाची अट घातली.

"अठरावर थंडी वाजते, एवढं कबूल करा. लगेच पाठवतो."

"बघू," श्रीमंत म्हणाले.

"बघू नाही. हो म्हणा. आयुष्यात एकदा तरी म्हणा."

श्रीमंतांचा चेहरा लाल जाहला. त्यांनी फोन ठेवावा म्हणोन हात खाली आणिला, आणि तेवढ्यात काचेपलीकडे ताईसाहेब दिसल्या. मेजावर लॅपटॉप नव्हता, आणि त्या रिकाम्या जागेचे काय करावे हे त्यांच्या हातांस सुचत नव्हते. कधी मांडीवर ठेवीत, कधी मेजावर, कधी मनगटातील रबर फिरवीत. श्रीमंत काही दगड नव्हते. त्यांनी पाठ फिरविली, आणि भिंतीकडे तोंड करोन म्हणाले, "हो. वाजते."

गाठोडे येण्याआधी ही बातमी दोन्ही बहिणींस पोहोचली, आणि कळते की धाकटीने थोरलीस तीनतीनदा विचारिले की, खरंच हो म्हणाले?

गाठोडे आले. श्रीमंतांस इतबार नाही. म्हणाले, "हा माणूस खवचट आहे. आत काहीतरी घुसडलं असणार." पंत म्हणाले, "साहेब, कोणी पाठवलं हे यंत्र विचारतच नाही. आत काय आहे एवढंच बघतं." मग गाठोडे यंत्रापुढे ठेविले, यंत्राने त्याचे अंतरंगातून ठसा काढिला, फर्मानात पूर्वी लिहिलेल्या ठशाशी ताडिला, आणि अक्षरास अक्षर जुळले. श्रीमंत काहीसे खट्टू जाहले, कारण साडूविषयी त्यांचे जे मत होते त्यास पुरावा मिळाला नाही.

मग शंभराची दुरुस्ती त्यावर चढविली, बिल्ड लाविला. कोणी केक आणा म्हणाले नाही. आधी पंतांच्या लॅपटॉपावर निघाला, मग श्रीमंतांच्या, आणि शेवटी कोपऱ्यातील त्या जुन्या संगणकावर. खुसपटबाईंनी प्रोग्राम चालविला. आवाज आला, "नंबर नव्व्याण्णव, खिडकी दोन." थोडा श्वास, आणि मग, "नंबर शंभर, खिडकी दोन." बाईंनी इंटरनेटाची तार काढोन पाहिली, खुर्ची हलवोन पाहिली, कपाटाचे कुलूप ओढोन पाहिले. मग नाइलाजाने म्हणाल्या, "चाललं."

ताईसाहेब केबिनीच्या दाराशी जाऊन पुसत्या जाहल्या, "मग जाऊ?"

श्रीमंतांचे ओठ जुन्या सवयीने जुळले, ब निघणार ऐसे सर्वांस वाटले, आणि निघाले ते, "हो. जा. लगेच जा."

ताईसाहेब लेकीच्या घरी पोहोचल्या. लेकीने दार उघडिले, आणि आईचे तोंड पाहण्याआधी तिचे हात पाहिले. एका हाती कपड्यांची पिशवी होती. ती पिशवी लेकीने हिसकावोन घेतली, आत हात घालोन ढवळली, मग खाली ठेविली आणि आईस गच्च मिठी मारिली, पोट मध्ये येत होते तरी मारिली. म्हणाली, "थोरला?" ताईसाहेब म्हणाल्या, "कपाटात. किल्लीसुद्धा माझ्याकडे नाही." मग दोघी दारातच उभ्या राहोन रडल्या आणि हसल्या, कोणते आधी हे आम्हांस सांगता येणार नाही.

पुढे लेकीस दवाखान्यात नेले. तेथील बाहेरच्या दालनात ताईसाहेब बसल्या असता त्यांचा फोन वाजला. श्रीमंत बोलत होते. आज अमुक बिल्ड जाहला, तुमची मुळीच गरज पडली नाही, तुम्ही निवांत राहा. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. आताही गरज पडली नाही. तिसऱ्यांदा वाजला तो ताईसाहेबांनी उचलिला नाही. तेवढ्यात वरून आवाज आला, "नंबर शंभर, खिडकी चार." शेजारचे आजोबा चिठोरा घेऊन उठले आणि कोणाशी न भांडता खिडकीकडे गेले. ताईसाहेबांनी मान वर करोन पाहिलेही नाही, कारण आतून नर्स बाहेर येत होती आणि तिचा चेहरा हसरा होता.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती येथे रुजू केली असे. कन्यारत्न प्राप्त जाहले, बाळबाळंतीण सुखरूप. काटेकोरपंतांनी ही विद्या साऱ्या जगास द्यावी ऐसा विडा उचलिला आहे, यास्तव लिफ्टात जपोन जाणे. शालवाल्यांनी रिमोट टपालाने परत धाडिला. एसी तूर्त बावीसवर आहे, आणि उभयपक्षी कोणीही खूश नाही, म्हणजे तह टिकेल. थोरला कपाटात आहे, त्याचे झाकण मिटलेले आहे, आणि तो जागा होईल की नाही हे पाहावयाची कोणास गरज पडली नाही. लेकीच्या बाहेरच्या खोलीत जुना फोटो तैसाच आहे, परंतु त्याशेजारी दुसरा लागला. त्यातही ताईसाहेब आहेत आणि त्यांचे दोन्ही हात तैसेच पुढे आहेत, फक्त हातांवर नात निजली आहे.